सोनोग्राफीच्या प्रोबमधले पिएर क्युरी

पिएर क्युरी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना मादाम क्युरींचे पती आणि रेडियमच्या शोधातले भागीदार म्हणून माहीत असते. शाळेच्या पुस्तकातली त्यांची ओळख पॅरिसमधल्या एका गळक्या शेडपाशी सुरू होते आणि भर रस्त्यातल्या अपघातापाशी संपते. पण गरोदर स्त्रीच्या पोटावर जेल लावून डॉक्टर जो प्रोब फिरवतात, त्याच्या टोकाशी सिरॅमिकच्या बारीक पट्ट्या असतात. या पट्ट्यांमध्ये पिएर यांची तीन कामे एकत्र आलेली आहेत आणि त्यांपैकी एकाचाही रेडियमशी संबंध नाही. पहिले काम त्यांनी एकविसाव्या वर्षी केले, बाकीची दोन पस्तिशीच्या आसपास.

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील युजेन क्युरी डॉक्टर होते. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या काळात शहरात लढाई पेटली, तेव्हा त्यांनी राहत्या घरातच जखमींवर उपचार केले. पिएर लहानपणी शाळेत गेले नाहीत. एकाच गोष्टीचा सावकाश, खोलवर विचार करण्याचा त्यांचा स्वभाव होता. तासाला एक विषय बदलणाऱ्या शाळेत हा मुलगा कोमेजेल हे ओळखून आईवडिलांनी त्याला घरीच शिकवले. चौदाव्या वर्षी गणिताचे चांगले शिक्षक मिळाले आणि गाडी वेगाने धावू लागली. सोळाव्या वर्षी पहिली पदवी, अठराव्या वर्षी भौतिकशास्त्राची पदवी. पुढे शिकण्याइतके पैसे घरात नव्हते, म्हणून १८७८ मध्ये त्यांनी सोरबॉन विद्यापीठात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी धरली.

थोरला भाऊ जाक हाही तिथेच खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होता. दोघा भावांचे लक्ष टुर्मलीन या खनिजाने वेधून घेतले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून हे रंगीत खडे युरोपात आणले, तेव्हापासून त्यांची एक गंमत ठाऊक होती. खडा तापवला की तो राख ओढून घेतो, म्हणजे त्याच्या टोकांवर विद्युतभार जमतो. क्युरी बंधूंनी विचार केला, की उष्णतेने स्फटिक प्रसरण पावतो, त्यातले अणू थोडे सरकतात. मग नुसते दाबूनही अणू सरकायला हवेत आणि भार दिसायला हवा.

त्यांनी स्फटिकाचे काप विशिष्ट दिशेने कापले, दोन्ही बाजूंना कथलाचा पातळ पत्रा लावला आणि वरून वजन ठेवले. विद्युतमापकाचा काटा हलला. वजन दुप्पट केले की भारही दुप्पट होई आणि वजन उचलताना भाराचे चिन्ह उलटे होई. टुर्मलीन, क्वार्ट्झ, पुष्कराज, रोशेल क्षार, इतकेच काय, उसाच्या साखरेचा स्फटिकही दाबल्यावर वीज देत होता. १८८० मध्ये हा शोध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला. पुढे त्याला पिझोइलेक्ट्रिसिटी, म्हणजे दाबविद्युत, हे नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने दाखवले, की उलटेही घडले पाहिजे. वीज दिली तर स्फटिकाचा आकार किंचित बदलायला हवा. क्युरी बंधूंनी त्याच वर्षी तेही प्रयोगाने सिद्ध केले.

सोनोग्राफीचा सगळा खेळ या दोन वाक्यांत आहे. प्रोबमधल्या पट्टीला विजेचा झटका दिला की ती सेकंदाला काही दशलक्ष वेळा थरथरते आणि कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी शरीरात शिरतो. बाळाच्या कवटीवरून, हृदयाच्या झडपेवरून तो परततो, तेव्हा त्याच पट्टीवर अगदी हलका दाब पडतो आणि तिच्यातून वीज निघते. त्या विजेचे चित्र आपण पडद्यावर पाहतो. जी पट्टी बोलते तीच ऐकते.

१८८० मध्ये मात्र याचा उपयोग काय, हे कोणालाच सुचत नव्हते. जाक माँपेलिए येथे अध्यापनासाठी गेले आणि भावांची जोडी दूर झाली. पिएर यांना १८८२ मध्ये पॅरिस नगरपालिकेच्या नव्या औद्योगिक भौतिकी व रसायन विद्यालयात विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेण्याचे काम मिळाले. पगार एखाद्या कुशल कामगाराइतका. स्वतःची अशी प्रयोगशाळा नव्हती. या शाळेत त्यांनी बावीस वर्षे काढली. मानसन्मान, शिफारसी आणि ओळखीपाळखी यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. त्यामुळे फ्रान्सबाहेरचे शास्त्रज्ञ त्यांना मानत असताना पॅरिसच्या विद्वानांच्या वर्तुळात ते जवळजवळ अनोळखीच राहिले.

या काळात त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. दाबल्यावर काही स्फटिकच वीज का देतात? मिठाचा खडा का देत नाही? उत्तर सममितीत होते. मिठाच्या स्फटिकाची रचना मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. दाबले तरी धन आणि ऋण भार एकमेकांना बरोबर खोडून काढतात. क्वार्ट्झमध्ये असा मध्यबिंदू नाही, म्हणून तोल ढळतो आणि भार उघडा पडतो. स्फटिकांचे एकूण ३२ वर्ग मानले जातात. त्यांपैकी २० वर्गांतच दाबविद्युत संभवते. १८९४ मध्ये पिएर यांनी हा विचार व्यापक करून मांडला. कारणात जी सममिती असते ती परिणामातही उतरते, आणि काही घडायचे असेल तर कुठेतरी सममिती मोडावीच लागते. भौतिकशास्त्रात हे क्युरींचे तत्त्व म्हणून ओळखले जाते.

तिसरे काम चुंबकत्वाचे. लोखंड आणि इतर पदार्थ तापवत नेऊन त्यांचे चुंबकत्व कसे बदलते, हे त्यांनी वर्षानुवर्षे मोजले. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोचले की त्याचे नेहमीचे बलवान चुंबकत्व नाहीसे होते. अशा तापमानाला आज क्युरी तापमान म्हणतात. १८९५ मध्ये या कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी २६ जुलैला पोलंडहून शिकायला आलेल्या मेरी स्क्लोडोव्स्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नात भेट मिळालेल्या पैशातून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यांवरूनच फिरायला गेले.

१८९७ च्या अखेरीस मेरी यांनी युरेनियमच्या किरणांचा अभ्यास हाती घेतला. हे किरण हवेत अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करतात आणि तो अचूक मोजणे हीच मोठी अडचण होती. तिथे क्युरी बंधूंचा जुना शोध कामी आला. क्वार्ट्झच्या लांब पट्टीला ठरावीक वजन टांगले की ठरावीक विद्युतभार मिळतो. किरणांमुळे जमणारा भार या भाराने तंतोतंत फेडायला किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून बघायचे. या मोजमापातूनच मेरी यांना कळले, की पिचब्लेंड हे खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने फारच जास्त किरण देते, म्हणजे त्यात आणखी काही दडले आहे. पिएर यांनी स्फटिकांचे काम बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या शोधात सामील झाले. १८९८ मध्ये जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम जाहीर झाले.

पुढची चार वर्षे त्या शेडमध्ये खनिज उकळण्यात आणि गाळण्यात गेली. रेडियमचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी पिएर यांनी स्वतःच्या दंडावर त्याचा नमुना काही तास बांधून ठेवला. कातडी भाजल्यासारखी लाल झाली आणि झालेली जखम दीड महिना उलटला तरी पुरती भरली नव्हती. पॅरिसच्या डॉक्टरांना त्यांनी उपचारासाठी रेडियम दिले. रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट मात्र दोघांनीही घेतले नाही. याच काळात पिएर यांचे पाय दुखू लागले, थकवा वाढला. तेव्हा त्याला संधिवात म्हटले गेले. आज ते वर्णन वाचणाऱ्याच्या मनात किरणोत्साराची शंका आल्याशिवाय राहत नाही.

१९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत हेन्री बेकरेल आणि पिएर ही दोनच नावे होती, मेरी यांचे नव्हते. एका स्वीडिश गणितज्ञाने ही बाब पिएर यांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी किरणोत्साराच्या कामात मेरी यांचा बरोबरीचा वाटा आहे असे स्पष्ट कळवले. पारितोषिक तिघांना मिळाले. त्याच सुमारास फ्रान्सचा ‘लिजन ऑफ ऑनर’ हा सन्मान त्यांना देऊ केला गेला. पदक नको, प्रयोगशाळा हवी, अशी त्यांची भूमिका होती. १९०४ मध्ये सोरबॉनने त्यांना प्राध्यापक केले. तरीही मनासारखी प्रयोगशाळा मिळाली नाही.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. द्युफीन रस्ता ओलांडताना पिएर घसरून घोडागाडीखाली आले. गाडी मालाने भरलेली होती, मागचे चाक डोक्यावरून गेले. वय अवघे ४६. त्यांच्या जागी मेरी शिकवू लागल्या आणि सोरबॉनमध्ये शिकवणारी पहिली स्त्री ठरल्या.

दाबविद्युतला कामाला लावले ते पिएर यांच्या विद्यार्थ्याने. पॉल लांजव्हँ त्यांच्याच शाळेत शिकले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचे काप पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये बसवून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपला. सोनारची ही सुरुवात. जोरदार ध्वनीच्या वाटेत आलेले लहान मासे मरतात, हेही तेव्हा दिसून आले. ध्वनी शरीराच्या आतपर्यंत पोचतो याचा तो पहिला पुरावा म्हणावा लागेल.

पण क्वार्ट्झची ताकद तोकडी. त्यावर एक न्यूटन, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाइतका दाब दिला, तर सुमारे २ पिकोकूलोम भार मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, जपान आणि सोव्हिएत रशियात बेरियम टायटनेट या पदार्थाचे गुण स्वतंत्रपणे लक्षात आले. १९५४ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड जॅफी आणि सहकाऱ्यांनी लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी, किती प्रभावी आहे हे दाखवले. तेवढ्याच दाबाला त्यातून काहीशे पिकोकूलोम भार मिळतो. आज सोनोग्राफीच्या असंख्य प्रोबमध्ये हाच पदार्थ असतो.

हा खाणीतून निघालेला स्फटिक नव्हे. तो चिनी मातीच्या कपासारखा भट्टीतून निघतो. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची भुकटी मिसळून तापवतात, दळतात, साच्यात दाबून वडी करतात आणि ती वडी साधारण १,२०० ते १,३०० अंशांवर भाजतात. या भाजण्याला सिंटरिंग म्हणतात. यात भुकटी वितळत नाही. पण उष्णतेने अणू कणाकणांच्या सीमेवरून सरकतात, कण एकमेकांना जुळतात आणि मधल्या पोकळ्या मिटत जातात. भट्टीत जाताना वडीत निम्म्याच्या आसपास पोकळी असू शकते. चांगली भाजली तर जेमतेम दोन-चार टक्के उरते.

इथे पिएर यांचे सममितीचे तत्त्व आडवे येते. अशा वडीत असंख्य बारीक स्फटिक असतात आणि प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. एकाने दिलेला भार दुसरा खोडतो. एकूण वडी सर्व दिशांनी सारखी, म्हणून दाबली तरी वीज शून्य. ही सममिती मोडण्यासाठी वडी गरम तेलात ठेवून तिला दर मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्टचा दाब देतात. मग आतली विद्युतक्षेत्रे शक्य तितकी एका दिशेला वळतात. याला पोलिंग म्हणतात. त्यानंतर वडी क्युरी तापमानाच्या वर गेली तर सगळी मेहनत वाया जाते, कारण स्फटिक पुन्हा सममित होतो. बेरियम टायटनेटसाठी ही मर्यादा सुमारे १२० अंश आहे, नेहमीच्या पीझेडटीसाठी ३५० च्या आसपास. चुंबकासाठी रूढ झालेले पिएर यांचे नाव इथेही तसेच वापरले जाते.

आता भाजणीत चूक झाली तर काय होते ते पाहू. वडी कच्ची राहिली तर आत छिद्रे उरतात. छिद्रात हवा, हवेतून वीज नाही, त्यामुळे संवेदनक्षमता घटते. पोलिंगच्या वेळी उच्च व्होल्टता छिद्रांपाशी एकवटून पट्टी फुटू शकते. प्रोबमधली पट्टी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, त्यामुळे एखादे मोठे छिद्रही तिला परवडत नाही. उलट जास्त भाजली तर कण बेसुमार वाढतात आणि पट्टी ठिसूळ होते. कण फारच बारीक राहिले तर आतल्या विद्युतक्षेत्रांना वळायला जागा मिळत नाही आणि भार कमी मिळतो. शिवाय शिशाचे ऑक्साइड ८८८ अंशांनाच वितळते आणि त्याहून वर वाफ होऊन उडू लागते. थोडे शिसे उडाले तरी पदार्थाचे प्रमाण बिघडते. म्हणून वड्या झाकणबंद अॅल्युमिनाच्या भांड्यात, शिसेयुक्त भुकटीच्या सोबतीने भाजतात. आतली हवाच शिशाच्या वाफेने भरलेली राहिली की वडीतले शिसे टिकते.

यावर वेगवेगळे उपाय निघाले. भाजतानाच यंत्राने दाब दिला तर कमी तापमानात घट्ट आणि बारीक कणांची वडी मिळते, पण खर्च वाढतो आणि आकारावर बंधन येते. ग्रॅफाइटच्या साच्यातून विजेचा मोठा प्रवाह सोडून काही मिनिटांत भाजण्याची स्पार्क प्लाझ्मा पद्धत आहे. वेळ इतका कमी, की शिसे उडायला आणि कण वाढायला सवडच मिळत नाही. पण साच्यातल्या कार्बनमुळे वडीतला ऑक्सिजन कमी होतो, ती काळपट पडते आणि हवेत पुन्हा तापवून तो भरून काढावा लागतो. दोन टप्प्यांच्या पद्धतीत आधी तापमान उंच नेतात आणि लगेच खाली आणून बराच वेळ तिथेच ठेवतात. पोकळ्या मिटत राहतात, कण मात्र वाढत नाहीत.

या भाजणीच्या फरकाने किती बदल व्हावा? बेरियम टायटनेट नेहमीच्या पद्धतीने भाजले तर एका न्यूटनला सुमारे १९० पिकोकूलोम भार मिळतो. जपानमधल्या संशोधकांनी अतिसूक्ष्म भुकटी घेऊन दोन टप्प्यांत भाजली, तेव्हा तोच पदार्थ ४०० च्या पुढे गेला. रासायनिक सूत्र तेच. बदलले ते भुकटी आणि भट्टी.

याला आरोग्याची बाजूही आहे. पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून अधिक शिसे असते. प्रोब वापरणाऱ्या डॉक्टरला किंवा रुग्णाला त्यापासून धोका नाही, कारण पट्टी आत बंदिस्त असते. धोका असतो तो भट्टीपाशी काम करणाऱ्यांना आणि टाकाऊ उपकरणे फोडणाऱ्यांना. इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर युरोपने बंदी घातली, पण पुरेसा चांगला पर्याय नाही म्हणून या सिरॅमिकला सूट दिलेली आहे. बेरियम टायटनेट किंवा पोटॅशियम-सोडियम नायोबेट यांसारखे बिनशिशाचे पर्याय पुढे यायचे असतील, तर त्यांची वाट बऱ्याच अंशी सिंटरिंगमधूनच जाते. नायोबेटमध्येही पोटॅशियम आणि सोडियम उडून जातात आणि योग्य तापमानाचा पट्टा अगदी अरुंद असतो.

१९०५ मध्ये स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान देताना पिएर यांनी रेडियमविषयी एक काळजी बोलून दाखवली होती. निसर्गाची गुपिते कळल्याने माणसाचे भलेच होईल का, की ती वाईट हातांत पडतील, असा त्यांचा प्रश्न होता. नव्या शोधांतून वाइटापेक्षा चांगले अधिक निघेल, अशा आशेवर त्यांनी शेवट केला. त्यांच्या पहिल्या शोधालाही हा प्रश्न चुकला नाही. बाळाच्या हृदयातला दोष वेळेवर दाखवणाऱ्या यंत्राचा वापर मुलगी नाकारण्यासाठी झाला. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राला करावा लागला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि आज नोंदणीशिवाय कोणत्याही केंद्राला सोनोग्राफी यंत्र ठेवता येत नाही. भट्टीतली चूक प्रयोगशाळेत पकडता येते. यंत्र कशासाठी वापरायचे, हे मात्र त्या प्रोबच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनाच ठरवावे लागते.

पिएर आणि मेरी यांचे अवशेष १९९५ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये मोठ्या सन्मानाने हलवण्यात आले. ज्या प्रयोगशाळेची पिएर यांना आस होती, ती रेडियम संस्था १९१४ मध्ये उभी राहिली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.